कोलकात्याच्या डर्बीला तटस्थ प्रेक्षक म्हणून जाताना

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्यातल्या दोन फुटबॉल संघांच्या सामन्याला वर्तमानपत्रे डर्बी म्हणतात. कोलकात्यातली जुनी माणसे अजूनही ‘बडो मॅच’, म्हणजे मोठा सामना, असेच म्हणतात. महाराष्ट्रातून हा सामना पाहायला जाणाऱ्या माणसाचे यातल्या कोणत्याही संघाशी बहुधा जन्माचे नाते नसते आणि नेमकी हीच गोष्ट त्याने तिकीट काढण्याआधी नीट ध्यानात घ्यायला हवी. मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत काय वातावरण असते, ते पाहतच लहानाचा मोठा झालो. त्यामुळे हार-जीत ज्यांच्या जिव्हारी लागते अशा गर्दीत बाहेरच्याने कसे वागावे, याची थोडीफार समज गावातूनच आली होती. तरीही कोलकात्यात बरेच काही नव्याने शिकावे लागले, आणि ते शिकलेलेच इथे सांगत आहे.

पहिली गोष्ट अशी की तटस्थ असणे म्हणजे कुणाचेच काही न लागणे नव्हे. ज्या गॅलरीत आपण बसतो त्या गॅलरीच्या घरी आपण पाहुणे म्हणून आलेलो असतो. पाहुण्याने यजमानाच्या देवाला नमस्कार केला म्हणून त्याचे स्वतःचे कुलदैवत बदलत नाही; तसेच इथे आहे. तिकीट, कपडे, बोलणे, टाळ्या आणि बाहेर पडण्याची वेळ हे सगळे निर्णय या एका भूमिकेतून आपोआप सुटत जातात.

जाण्याआधी या वैराचा थोडा इतिहास माहीत असावा, कारण शेजारी बसलेला माणूस तो माहीत आहे असे धरूनच बोलतो. मोहन बागानची स्थापना १८८९ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शिल्ड ही स्पर्धा जिंकली आणि गोऱ्या पलटणीला अनवाणी पायांनी हरवणारा संघ म्हणून तो बंगालबाहेरही माहीत झाला. ईस्ट बंगालचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा. जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून वगळले, त्याचा निषेध म्हणून क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी तिथून बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह पूर्व बंगालच्या नावाचा नवा क्लब काढला. कलकत्ता लीगमध्ये दोघे प्रथम भिडले ते २८ मे १९२५ रोजी. ईस्ट बंगालने तो सामना १-० असा जिंकला. पुढे फाळणी झाली, पूर्वेकडून लाखो माणसे घरदार सोडून कोलकात्यात आली, आणि त्यांच्यासाठी ईस्ट बंगालची लाल-सोनेरी जर्सी हे मागे राहिलेल्या मुलखाचे नाव झाले. मूळच्या पश्चिम बंगालच्या माणसाला घोटी आणि पूर्वेकडून आलेल्याला बांगाल म्हणतात; मोहन बागान जिंकला तर चिंगडी म्हणजे कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकला तर इलिश मासा, ही घराघरांतली जुनी वाटणी. आज दोन्ही बाजूंना दोन्हीकडची माणसे सापडतात. म्हणून हे शब्द ऐकावेत, समजून घ्यावेत, पण आपण होऊन कुणाला ‘तुम्ही बांगाल का’ असे विचारू नये. आपल्याकडे अनोळखी माणसाला जात विचारण्यासारखेच ते आहे.

सांगण्यासारखा आपला असा एक धागा मात्र आहे. मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक होत असे, तेव्हा हे दोन्ही संघ तिकडे येत आणि दोघांनीही तो चषक अनेकदा जिंकला. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणत्याही बंगाली प्रेक्षकासमोर कूपरेजचे नाव काढून पाहावे. पुढचा अर्धा तास आपल्याला फक्त ऐकायचे काम उरते.

आता सामना निवडण्याविषयी. हे दोन संघ वर्षभरात निरनिराळ्या स्पर्धांत भेटतात: इंडियन सुपर लीग (आयएसएल), ड्युरँड चषक, सुपर कप, आयएफए शिल्ड, कलकत्ता फुटबॉल लीग. कलकत्ता लीगमध्ये बरेचदा तरुण आणि राखीव खेळाडू उतरतात आणि मैदानही वेगळे असू शकते, म्हणून इतक्या लांबून पहिल्यांदाच जाणाऱ्याने विवेकानंद युवभारती क्रीडांगणावर, म्हणजे सॉल्ट लेकमध्ये, होणारी पहिल्या संघांची लढत निवडावी. मात्र तारखेवर आंधळा विश्वास ठेवू नये. १८ ऑगस्ट २०२४ रोजी ठरलेला ड्युरँड चषकातला सामना शहरातल्या आंदोलनांमुळे रद्द झाला, आणि ११ जानेवारी २०२५चा आयएसएलचा सामना गंगासागर मेळ्यामुळे पोलीस बंदोबस्त पुरणार नाही म्हणून थेट गुवाहाटीला हलवला गेला. तेव्हा गाडीचे किंवा विमानाचे तिकीट शक्यतो परत करता येण्याजोगे काढावे, आणि सामन्याच्या मागे-पुढे एकेक दिवस मोकळा ठेवावा. सामना गेलाच तर शहर पाहण्यात दिवस सार्थकी लागतो.

तिकिटाचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. या सामन्यात गॅलऱ्या दोन्ही बाजूंत वाटलेल्या असतात आणि कोणता भाग कुणाचा हे त्या सामन्याचा यजमान कोण यावर ठरते, म्हणून मागच्या वेळचा अनुभव या वेळी कामाला येईलच असे नाही. स्वस्त पडते म्हणून मिळेल ते तिकीट घेऊ नये. आधी कुणाकडे बसायचे ते ठरवावे, मगच पैसे भरावेत. बरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, किंवा गर्दीची सवय नसेल, तर मधल्या भागातले महाग तिकीट घेणे शहाणपणाचे. तिथे दोन्हीकडची माणसे थोडीफार मिसळलेली असतात आणि जिना, स्वच्छतागृह जवळ असते. सामन्याचा खरा ताप अंगावर घ्यायचा असेल तर मात्र गॅलरीच हवी. ऑनलाइन घेतलेले तिकीट खिडकीवर दाखवून कागदी तिकिटात बदलून घ्यायचे आहे का, आणि ती खिडकी कुठे व किती वाजेपर्यंत उघडी आहे, हे घर सोडण्याआधी वाचून ठेवावे. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडून तिकीट विकत घेऊ नये. माझ्या बरोबरच्या एका मित्राने दुप्पट पैसे देऊन ते घेतले, ते प्रवेशद्वारावर चालले नाही, आणि बिचाऱ्याने पूर्वार्ध बाहेरच्या चहाच्या टपरीवर आवाज ऐकत काढला.

जागेबद्दल एक बारकावा. हे क्रीडांगण १९८४ साली सुरू झाले आणि मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून बरेच दूर बसतात. खालच्या स्तरावर पुढच्या रांगेत बसलो म्हणजे चांगले दिसेल हा आपला समज इथे खोटा ठरतो. तिथून पलीकडच्या बाजूचा खेळ नुसता पायांचा गुंता दिसतो. मधला स्तर उत्तम. तिथून बचावफळी पुढे कधी सरकते आणि मागे कधी येते ते नकाशासारखे दिसते. १३ जुलै १९९७ रोजी याच ठिकाणी या दोन संघांतल्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाआधी नूतनीकरण होऊन खुर्च्या बसवल्या गेल्या आणि क्षमता कमी झाली, पण आवाज कमी झालेला नाही.

कपड्यांत हिरवा, मरून, लाल आणि पिवळा हे चारही रंग टाळावेत. मोहन बागान हिरवा-मरून आणि ईस्ट बंगाल लाल-सोनेरी आहे, त्यामुळे पांढरा, राखाडी किंवा निळा शर्ट बरा. टोपी, रुमाल आणि पाठीवरच्या पिशवीचा रंगही एकदा पाहून घ्यावा. निळ्या शर्टावर लाल टोपी घातलेला माणूस लांबून लाल टोपीवालाच दिसतो. दुसऱ्या एखाद्या भारतीय क्लबची जर्सी घालून जाण्यातही काही साधत नाही, उलट तीवरून चर्चा सुरू होते. ड्युरँड चषक जुलै-ऑगस्टात येतो, तेव्हा घाम आणि पाऊस दोन्ही गृहीत धरून सुती कपडे आणि साधा रेनकोट घ्यावा, कारण छत्री आत सोडतीलच असे नाही. हिवाळ्यात गेल्यास लक्षात ठेवावे की कोलकाता आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला आहे आणि डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो. मुंबईच्या हिशेबाने ‘अजून उजेड आहे’ म्हणत राहिलो तर गर्दीत अंधार पडतो.

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसने किंवा पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने गेले तर हावड्याला उतरता येते, आणि तिथून मेट्रोची ग्रीन लाइन हुगळी नदीच्या खालून थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्थानकापर्यंत जाते. सामन्याच्या दिवशी बायपासवरची वाहतूक तुंबते, म्हणून टॅक्सीपेक्षा मेट्रो केव्हाही चांगली. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे मात्र उतरल्या उतरल्या फलकावर पाहून घ्यावे. सामना सुरू होण्याच्या दोन तास आधी पोचावे. बाहेर घुगनी, झालमुडी आणि लिंबाचा चहा मिळतो. पोटभर खाऊन घ्यावे, कारण आत मिळेल त्याचा भरवसा नसतो. पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, हेल्मेट आणि मोठी पिशवी आत नेता येईल असे धरून चालू नये. खिशात तिकीट, ओळखपत्र, फोन आणि थोडे सुटे पैसे एवढेच असले की झडती लवकर उरकते. सामान हॉटेलवर ठेवणे उत्तम.

रांगेत उभे असताना कुणीतरी नक्की विचारतो, ‘दादा, कोन दल?’ म्हणजे कोणत्या संघाचे. याचे उत्तर तयार ठेवावे आणि ते खरे असावे. ‘आमि मुंबाई थेके एशेछि, खेला देखते,’ मुंबईहून आलोय, खेळ पाहायला, एवढे मोडक्या बंगालीत म्हटले तरी पुरते. ‘दोन्ही आवडतात’ हे उत्तर कुणालाच पटत नाही आणि समोरच्याला बरे वाटावे म्हणून त्याच्या संघाचे नाव घेणे त्याहून वाईट, कारण पुढचा प्रश्न खेळाडूंबद्दल असतो आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. खरे सांगितले की बहुतेक वेळा जागा करून दिली जाते आणि समोरचा आपल्याला सगळे समजावून सांगू लागतो. इतक्या लांबून कुणी फक्त खेळ पाहायला आला, याचे त्या लोकांना मनापासून अप्रूप वाटते.

आत बसल्यावरचा नियम साधा आहे: ज्यांच्यात बसलो त्यांच्याबरोबर उठावे, त्यांच्याबरोबर बसावे, आणि पलीकडच्या संघाचे कौतुक मनात ठेवावे. माझ्या पहिल्या सामन्यात मी ईस्ट बंगालच्या गॅलरीत होतो. मोहन बागानच्या एका विंगरने डाव्या बाजूने दोघांना चकवून सुंदर क्रॉस टाकला, गोल झाला नाही, पण माझ्या हातून सवयीने दोन टाळ्या वाजल्या. कुणी काही बोलले नाही. पुढच्या रांगेतली चार-पाच माणसे मागे वळली आणि शेजारचे काका, जे तोवर मला प्रत्येक खेळाडूचे गाव सांगत होते, त्यांनी माझ्या मनगटावर हलका हात ठेवून म्हटले, ‘एखाने ना, दादा.’ इथे नाही. त्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले. सुतकात असलेल्या घरी जाऊन मोठ्याने हसावे तसे ते झाले होते.

गोलाचा क्षण कसा असतो हे आधी माहीत असले तर तो नीट अनुभवता येतो. समोरच्या बाजूचा संघ गोल करतो तेव्हा पलीकडची अर्धी वाटी आधी उसळताना दिसते, हात वर गेलेले, झेंडे हललेले, आणि आवाज अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक उशिरा आपल्यापर्यंत येतो. त्या मधल्या वेळात आपल्या आजूबाजूला पूर्ण शांतता असते. पक्षपाती माणसाला ती शांतता ऐकू येत नाही, कारण त्याचे डोके हातात गेलेले असते. ती ऐकायला मिळणे हा तटस्थ माणसाचा वाटा. त्या वेळी फोन काढून रडवेल्या चेहऱ्यांचे चित्रण करू नये. आपल्या बाजूने गोल केला तर मात्र संकोच न करता उठावे, अनोळखी माणसे मिठी मारतात ती स्वीकारावी, चष्मा असेल तर आधी हातात घ्यावा.

खेळ पाहण्याविषयीही थोडे सांगतो, कारण या सामन्यात फुटबॉल नेहमीसारखा नसतो. पहिली पंधरा-वीस मिनिटे चेंडू फारसा जमिनीवर राहत नाही; दोन्ही संघ चूक टाळण्यासाठी लांब मारतात आणि मधल्या फळीत धसमुसळेपणा चालतो. अशा वेळी चेंडूमागे डोळे न फिरवता, हवेतून खाली आलेला चेंडू कोण उचलतो तेवढे मोजावे. सामना कुणाकडे झुकतो आहे ते त्यावरून गोलाच्या आधीच कळते. आवाज इतका असतो की गोलरक्षकाची हाक बचावपटूंपर्यंत पोचत नाही, म्हणून तो हातांनी बोलतो. ते हातवारे आणि वळून वळून मागे पाहणारे बचावपटू हे दृश्य दूरचित्रवाणीवर कधी दिसत नाही. बाहेरगावच्या किंवा परदेशी नव्या खेळाडूचा हा पहिलाच मोठा सामना असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या स्पर्शातच तो दबलाय की नाही ते समजते.

घोषणांपैकी ‘जय ईस्ट बंगाल’, ‘जय मोहन बागान’ या आपल्या गॅलरीबरोबर खुशाल द्याव्यात. पण एकमेकांना चिडवायला जी टोपणनावे वापरली जातात आणि फाळणीवरून, निर्वासितपणावरून जे टोमणे मारले जातात ते अर्थ कळो वा न कळो, तोंडातून काढू नयेत. तिथल्या माणसाने ते म्हणणे हे घरातले भांडण आहे. आपण म्हणणे हा अपमान आहे. भव्य फलक मात्र आवर्जून वाचून घ्यावेत, लिपी येत नसेल तर शेजाऱ्याला विचारावे. जानेवारी २०२०च्या सामन्यात ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी, ही जमीन रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नव्हे, अशा अर्थाचा प्रचंड फलक उभारला होता. नागरिकत्वाचा वाद देशभर पेटलेला असताना त्या दोन ओळींत तीन पिढ्यांची कहाणी होती.

सुरक्षिततेचा विचार टाळून चालणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या दिवशी रक्तदान होते. ९ डिसेंबर २०१२ रोजी प्रेक्षकांतून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीला लागला आणि मध्यंतरानंतर त्याचा संघ मैदानात उतरलाच नाही. आज बंदोबस्त फार कडक असतो आणि बहुतेक सामने शांततेत पार पडतात, तरी बसल्याबरोबर जवळचे दोन जिने पाहून ठेवावेत, रांगेच्या मधोमध न बसता कडेला बसावे आणि कठड्याला टेकून उभे राहू नये. गडबड सुरू झाली तर धावू नये. वरच्या बाजूला सरकून भिंतीला पाठ लावावी आणि लोट ओसरू द्यावा. सोबत्यांशी भेटण्याची जागा आधीच ठरवावी, कारण एवढ्या गर्दीत फोन लागतोच असे नाही. मेट्रोच्या दारापेक्षा एखादे दुकान किंवा खांब बरा.

शेवटची शिट्टी झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे जागेवरच बसावे. पोलीस कोणती बाजू आधी सोडतात ते पाहावे आणि त्यांनी दाखवलेल्या दारानेच निघावे, ते लांबचे असले तरी. मेट्रोत शिरल्यावर निकालाबद्दल मराठीतसुद्धा मोठ्याने बोलू नये. गोल, पेनल्टी, रेफरी हे शब्द सगळ्या भाषांत सारखेच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या मध्यातल्या, ‘मैदान’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात जावे. लष्कराच्या ताब्यातल्या त्या विस्तीर्ण हिरवळीच्या कडेला दोन्ही क्लबांचे तंबू एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बांधकाम असले तरी त्यांना तंबूच म्हणतात. वाटेत गोष्ठ पाल सरणीवर, म्हणजे त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर, मोहन बागानचे मोठे बचावपटू गोष्ठ पाल यांचा पुतळा लागतो. आदल्या रात्री जो संघ हरला असेल त्याच्या तंबूकडे आधी जावे. तिथे त्या दिवशी गर्दी कमी असते, बाकावर बसलेल्या जुन्या सभासदांना बोलायला वेळ असतो, आणि काय चुकले ते ते खेळाडूंची नावे घेऊन, पायाने जमिनीवर रेघा ओढून दाखवतात. आत जाण्याआधी दारावर विचारावे, छायाचित्र काढण्याआधी परवानगी घ्यावी, आणि मातीच्या भांड्यातला चहा पुढे आला तर नाही म्हणू नये.